आधी आकाश, मग तक्ता: मुलांना ग्रहांची ओळख कशी करून द्यावी

शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता मुलांच्या मनात कायमचा बसतो. एका कडेला पिवळा सूर्य आणि त्याच्यापुढं सारख्या अंतरावर ओळीनं उभे असलेले आठ गोळे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी मुलं जमायला लागली, तेव्हा पहिल्या वर्षी मीही तेच केलं. थर्माकोलचे गोळे आणले, मुलांकडून रंगवून घेतले, दोरीला ओवून दिवाणखान्यात टांगले. सगळे खूश झाले. सहावीतली एक मुलगी मात्र बराच वेळ त्या गोळ्यांखाली उभी होती. ती म्हणाली, "काकू, गुरू इतका मोठा आणि इतका जवळ आहे, तर तो आकाशात चंद्राहून मोठा का नाही दिसत?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, चूक माझ्या दोरीची होती. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यामधली अंतरं ही दोन्ही एकाच प्रमाणात कुठल्याही कागदावर मावत नाहीत. म्हणून तक्ता काढणारा अंतरांना कात्री लावतो, आणि मुलांपर्यंत सूर्यमालेची सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे तिचं रिकामपण, पोचतच नाही. तेव्हापासून मी क्रम उलटा केला: आधी घरातलं, मग आकाश, मग चालणं, मग फिरणं. नावांची यादी अगदी शेवटी, आणि तोवर ती पाठ करून घ्यावी लागत नाही. पाचवी ते आठवीच्या १५–२० मुलांना हे सगळं चार-पाच रविवारांत नीट होतं.

पहिला रविवार: घरात आधीपासून असलेले ग्रह

सुरुवात वारांपासून करा. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. मुलं म्हणतील, हे तर वार आहेत. हो, आणि हेच ते पाच ग्रह, जे दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आपली मुलं शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजीत शिकतात, पण ही पाच नावं मराठी-गुजरातीत जवळपास सारखीच असल्यामुळे इथं कोणी अडखळत नाही. मग विचारा, युरेनसवार का नाही? युरेनस विल्यम हर्शेल यांना १७८१ मध्ये दुर्बिणीतून सापडला आणि नेपच्यून १८४६ मध्ये, तोही आधी कागदावरच्या गणितानं. वारांची नावं त्याच्या कितीतरी आधीची. हे उत्तर मुलांनाच शोधू द्या, घाई करू नका.

त्यानंतर भिंतीवरची दिनदर्शिका किंवा आजीचं पंचांग खाली काढा. सिंहस्थ साधारण १२ वर्षांनी येतो. नाशिकला २००३ मध्ये होता, मग २०१५ मध्ये. का? गुरू सिंह राशीत येतो तेव्हा सिंहस्थ, आणि गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. म्हणजे गुरूचं वर्ष आपल्या घरात केव्हापासून मोजलं जात आहे.

शनीचं गणित तर मुलांना स्वतः करायला द्या, फार आवडतं. शनीची फेरी सुमारे २९.५ वर्षांची. राशी १२. एका राशीत किती काळ? भागाकार केला की जवळपास अडीच वर्षं येतात. साडेसाती तीन राशींची धरतात. अडीच त्रिक? फळ्यावर साडेसात आले की वर्गात एकदम आवाज होतो. घरात ज्या शब्दानं चेहरे गंभीर होतात, तो शब्द मुळात एका संथ ग्रहाच्या चालीचं मोजमाप आहे, हे मुलांना स्वतःच्या भागाकारातून कळतं. मोठ्यांच्या श्रद्धेवर मी तिथं काही बोलत नाही आणि तुम्हीही बोलू नये असं मला वाटतं. मूल घरी जाऊन आजीला गणित दाखवतं, तेवढं पुरे.

अगाशीवरून: ग्रह ओळखणं

बडोद्यात जून ते सप्टेंबर आकाशाचा भरवसा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उत्तरायणच्या दोन संध्याकाळी मात्र टाळा. १४ जानेवारीला सगळं शहर अगाशीवर असतं खरं, पण तुक्कल (पतंगाच्या दोरीला बांधून उडवलेले दिवे) आणि फटाक्यांच्या गर्दीत मुलं प्रत्येक उजेडाला ग्रह म्हणायला लागतात.

मुलांना तीन खुणा सांगा. ग्रह फारसा लुकलुकत नाही, त्याचा उजेड स्थिर असतो. ग्रह सूर्य-चंद्राच्या वाटेवरच सापडतो, उत्तरेकडे ध्रुवताऱ्याच्या बाजूला तो शोधायचा नाही. आणि रंग: शुक्र पांढराशुभ्र व सर्वांत तेजस्वी, गुरू किंचित पिवळसर पांढरा, मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळा. बुध क्षितिजाजवळच्या धुरकटात हरवतो, त्याला पहिल्या वर्षी सोडून द्या.

सर्वांत सोपा वाटाड्या म्हणजे चंद्र. महिन्यातून एकदा तो प्रत्येक ग्रहाजवळून जातो. दिनदर्शिकेत त्या दिवशी चंद्र आणि तो ग्रह एकाच राशीत दिसतील. चंद्राशेजारचा तो न लुकलुकणारा ठिपका दाखवला की बोट कुठं दाखवत आहोत यावर वाद होत नाही. मोबाइलवरचं आकाशाचं ॲप चालेल, पण नंतर. आधी मुलानं ठरवायचं, मग ॲपनं सांगायचं.

दिवसा एक नियम कडक पाळा: सूर्याकडे साध्या डोळ्यांनी, गॉगलमधून किंवा द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून), कशानंही पाहायचं नाही. द्विनेत्री मुलांच्या हातात फक्त सूर्य मावळल्यावर द्यायची.

सूर्यमालेतून चालत जाणं

हा सगळ्यात महत्त्वाचा रविवार, आणि तयारीही याचीच जास्त. प्रमाण एकच ठेवा: खरे १० लाख किलोमीटर म्हणजे आपला १ मीटर. या प्रमाणात सूर्य १ मीटर ३९ सेंटिमीटरचा होतो. जुन्या चादरीवर ७० सेंटिमीटरची दोरी आणि खडू घेऊन वर्तुळ काढा, हळदीच्या पाण्यानं रंगवा. रांगोळीनं जमिनीवर काढण्याचा मोह होईल, पण लांबून ती दिसत नाही. सूर्य उभा धरता आला पाहिजे.

ग्रह स्वयंपाकघरातून घ्या. बुध ५ मिलिमीटरचा, म्हणजे एक मिरा. शुक्र आणि पृथ्वी जवळजवळ जुळ्या, १२ ते १३ मिलिमीटरच्या, भिजवलेले काबुली चणे. मंगळ ७ मिलिमीटर, शेवउसळीतला वाटाणा, पण न भिजवलेला. गुरू १४ सेंटिमीटर, छोटं खरबूज. शनी १२ सेंटिमीटर, त्याला सोललेला नारळ चालतो, आणि भोवती २७ सेंटिमीटर व्यासाची कागदाची कडी. युरेनस आणि नेपच्यून प्रत्येकी ५ सेंटिमीटर, दोन लिंबं. चंद्राला ज्वारीचा दाणा. चणे-वाटाणे पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवा, नाहीतर गवतात पृथ्वी हरवते, आणि मग शोधाशोधीत अर्धा तास जातो.

आम्ही कमाटीबागेत जातो, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आधी. दोन मुलं चादरीचा सूर्य धरून उभी राहतात. बाकीचे मोजत निघतात. आधीच प्रत्येक मुलानं आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं आहे ते मोजून ठेवलेलं असावं, मग टेप ओढत बसावं लागत नाही. ५८ मीटरवर बुध. १०८ वर शुक्र. १५० वर पृथ्वी. तिथं थांबा.

पृथ्वीपाशी दोन गोष्टी करायच्या. पहिली, चंद्र लावा: चण्यापासून एक फूटपट्टी आणि वर चार बोटं, म्हणजे ३८ सेंटिमीटर. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेला आहे. त्याच चण्यापासून सूर्याच्या बाजूला दीड मीटरवर एक खडू ठेवा. ते आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान, आदित्य एल-१, सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलेलं, जानेवारी २०२४ मध्ये त्या जागी पोचलेलं.

दुसरी गोष्ट मी कधीच चुकवत नाही. सगळ्यांना मागं वळून चादरीकडे पाहायला सांगा. एक डोळा मिटून, हात लांब करून करंगळी समोर धरायची. ती एवढी मोठी पिवळी चादर करंगळीच्या टोकामागं लपते. आकाशातला सूर्य आपल्याला जेवढा दिसतो, बरोबर तेवढीच ती इथून दिसते, कारण आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात आहेत. खऱ्या सूर्यावर करून पाहायचं नाही. रात्री पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र असेल तर त्याच्यावर करा, तोही तेवढाच दिसतो. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा करंगळी तशीच धरून म्हणाला, "म्हणजे काकू, आपण आत्ता खरंच पृथ्वीवर उभे आहोत." कमाटीबागेच्या गवतात, पुठ्ठ्यावरच्या एका चण्याशेजारी उभा राहून. माझ्या सगळ्या वर्षांच्या शिकवण्यात याहून बरं वाक्य मला मिळालेलं नाही.

परतताना प्रकाशाच्या चालीनं चाला. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला फक्त ३० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक फूट सरकतो. सेकंद मोजत एकेक फूट पाऊल टाकत सूर्यापाशी पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मुलं कंटाळतात, पाय वळवळतात, आणि तेच हवं आहे. विश्वातली सर्वांत वेगवान गोष्ट इतकी हळू चालते, कारण वाटच इतकी लांब आहे.

मंगळ २२८ मीटरवर. गुरू ७७८ मीटरवर, तो रस्ता ओलांडून जावा लागत असेल तर सोबत दोन मोठी माणसं घ्या, नाहीतर बागेतल्या बागेत वळणं घेत तेवढं चाला. पुढचे ग्रह आम्ही नकाशावर बघतो. सूर्य कमाटीबागेत धरून सरळ दक्षिणेला गेलं, तर शनी १ किलोमीटर ४३० मीटरवर, लक्ष्मी विलास पॅलेसच्या बाजूला. युरेनस २.८७ किलोमीटरवर, लालबागेच्या अलीकडे. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, मांजलपुरात एक लिंबू. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर १ हे यान आज सुमारे २५ किलोमीटरवर, म्हणजे डभोईला जाताना वाटेत कुठंतरी. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? ४० हजार किलोमीटर. पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालून परत बडोद्यात यावं, एवढं.

टक्कर होत नाही का, हा प्रश्न मुलं त्या दिवसानंतर विचारत नाहीत.

गरब्याचं अंगण

बडोद्याच्या मुलांना कक्षा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, ती नवरात्रात त्यातच वाढतात. मधे दीप, भोवती एकात एक रिंगणं, आतलं रिंगण झटकन पुरं होतं, बाहेरच्याला वेळ लागतो. आपण फक्त मापं द्यायची.

अंगणात मधोमध दिवा किंवा पिवळी बादली. दोरीनं चार वर्तुळं आखा: ४ फुटांवर बुध, ७ वर शुक्र, १० वर पृथ्वी, १५ वर मंगळ. ही अंतरं खऱ्या प्रमाणात आहेत, म्हणून बदलू नका. (गोळ्यांचे आकार इथं विसरायचे, हे मुलांना स्पष्ट सांगा.) दिवा डाव्या हाताला ठेवून सगळ्यांनी चालायचं. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर सगळे ग्रह असेच फिरतात. एक टाळी म्हणजे एक महिना. टाळी संथ, दोन-तीन सेकंदांनी एक. बुध ३ टाळ्यांत फेरी संपवतो, शुक्र साडेसातांत, पृथ्वी १२, मंगळ जवळजवळ २३. बुधाला पळावं लागतं, मंगळ रमतगमत जातो. जवळच्यावर सूर्याची ओढ जास्त, म्हणून त्याचा वेगही जास्त: बुध सेकंदाला ४७ किलोमीटर, पृथ्वी ३०, मंगळ २४.

आता पृथ्वीला थांबवा आणि जागच्या जागी हळूहळू डावीकडे गिरकी घ्यायला लावा. तोंड दिव्याकडे, म्हणजे मध्यान्ह. पाठ दिव्याकडे, म्हणजे मध्यरात्र. दिवा डाव्या हाताकडून नजरेत येतो, उजवीकडून जातो, म्हणजे डावा हात पूर्व. हे पक्कं झालं की मध्यरात्रीच्या पृथ्वीला विचारा, शुक्र दिसतो का? ती मान वळवते, पाहते, नाही म्हणते. दिसणारच नाही, कारण तो कायम दिव्याच्या बाजूला, आतल्या रिंगणात. म्हणून शुक्र कधी मध्यरात्री दिसत नाही. संध्याकाळी पश्चिमेला, नाहीतर पहाटे पूर्वेला. दिव्याकडे तोंड केल्यावर शुक्र डावीकडे असेल तर संध्याकाळचा, उजवीकडे असेल तर पहाटेचा. मंगळ मात्र पाठीमागं येऊ शकतो, म्हणून तो रात्रभर दिसू शकतो. पुस्तकातली दोन पानं इथं एका गिरकीत होतात.

आणि वक्री. पंचांगात 'मंगळ वक्री' लिहिलेलं असतं, मुलांनी ऐकलेलंही असतं. पृथ्वी आणि मंगळ चालू करा. पृथ्वीला सांगा, मंगळाच्या मागची कंपाउंडची भिंत बघत राहा. एरवी मंगळ भिंतीवरून पुढं सरकतो. पण पृथ्वी आतल्या रिंगणातून त्याला गाठून पुढं जाते, तेव्हा थोडा वेळ तो भिंतीवर मागं जाताना दिसतो. मंगळ तर पुढंच चालला आहे! प्रत्येक मुलाला एकदा पृथ्वी होऊ द्या. हे बाहेरून बघून कळत नाही.

इथंच वयाचं गणित घ्या. १२ वर्षांच्या मुलाचं गुरूवर नुकतंच एक वर्ष पुरं झालेलं असतं. बुधावर तो जवळपास ५० वर्षांचा. युरेनसचं वर्ष ८४ वर्षांचं, म्हणजे ८० वर्षांच्या पणजीचाही तिथं अजून पहिला वाढदिवस व्हायचा आहे.

एका ग्रहाची एकच ओळख

आता कुठं एकेका ग्रहाकडे वळायचं. आकड्यांचा भडिमार नको. उपग्रहांची संख्या तर मुळीच पाठ करून घेऊ नका. २०२५ मध्ये एकट्या शनीच्या उपग्रहांत १२८ नव्यांची भर पडून ते २७४ झाले. मुलांची पुस्तकं छापून होईपर्यंत आकडा शिळा होतो.

शुक्रावर मी सर्वांत जास्त वेळ देते. सूर्याला जवळ बुध, मग तापलेला कोण? सगळे बुध म्हणतात. खरा भट्टीसारखा आहे शुक्र, पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, दिवस असो वा रात्र. दोन सारखे डबे उन्हात ठेवा, एक उघडा, एक काचेनं झाकलेला, दोन्हींत थर्मामीटर. अर्ध्या तासात फरक दिसतो. काचेचं झाकण आणि कार्बन डायऑक्साइडचं दाट वातावरण उष्णता अडवतात त्या तऱ्हा वेगळ्या आहेत, एवढं मोठ्या मुलांना सांगून ठेवा, पण 'आत आलेली उष्णता सुटत नाही' हे हाताला समजतं. शिवाय शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, आणि इतका संथ, की त्याची एक गिरकी २४३ दिवसांची आणि वर्ष २२५ दिवसांचं.

मंगळ म्हणजे गंज. जुना खिळा ओल्या कापसात आठवडाभर ठेवला की मंगळाचा रंग घरी तयार. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला तिथं पोचलं आणि त्याच्यावरचा रंगीत कॅमेरा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात बनला होता. बडोद्याहून जेमतेम १०० किलोमीटर. हे ऐकल्यावर मंगळ मुलांना परका वाटत नाही.

गुरू १० तासांच्या आत गिरकी घेतो, शनी पाण्यापेक्षा हलका, युरेनस आडवा पडून फिरतो. बुधाला वातावरण जवळपास नाहीच. नेपच्यून गणितानं सापडला. एवढंच. आणि प्लुटो कुठं गेला? कुठंच नाही, तिथंच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली, आणि त्याला बटुग्रह म्हणायचं ठरलं.

पावसाळ्यातला वर्ग

बाहेर जाता येत नसेल, तर दुकानातल्या बिलाच्या कागदाची हातभर पट्टी प्रत्येकाला द्या. एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्लुटो. अर्ध्यात दुमडा, घडीवर युरेनस. युरेनस आणि प्लुटोच्या मधे नेपच्यून. सूर्य ते युरेनस पुन्हा दुमडा, शनी. सूर्य ते शनी दुमडा, गुरू. आणखी एकदा, लघुग्रहांचा पट्टा. आता उरलेल्या बोटभर जागेत मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध सगळे बसवायचे. मुलं तक्रार करतात, जागाच नाही. ती तक्रार पट्टीवर लिहून ठेवायला सांगा.

शेवटी तारांगण आणि दुर्बीण

कमाटीबागेतलं सरदार पटेल तारांगण मी मुद्दाम शेवटी ठेवते. सुरुवातीला नेलं तर मुलं घुमटाखालच्या अंधारानं भारावतात आणि बाकी विसरतात. शेवटी नेलं तर पडद्यावरचा लखलखीत ठिपका बघून शेजारच्याला कोपर मारून सांगतात, हा शुक्र, आणि आत्ता संध्याकाळ आहे. खेळ कुठल्या भाषेत आणि किती वाजता, ते आधी विचारून जा.

द्विनेत्री १० बाय ५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) असेल तर भिंतीवर कोपरं टेकवून गुरू बघा. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले त्याचे चार उपग्रह एका ओळीत दिसतात. वहीत गोल आणि टिंबं काढा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. टिंबांनी जागा बदललेल्या असतात. शनीच्या कड्यांना मात्र २५–३० पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागते. २०२५ मध्ये त्या कड्यांची पातळ धारच आपल्याकडे होती, आता वर्षागणिक उघडत जातील. मुलांनी चालताना धरलेली कागदाची कडी इथं पुन्हा काढा: आपल्या प्रमाणात तो कागद १०० किलोमीटर जाडीचा होतो, आणि खरी कडी बहुतेक ठिकाणी १०० मीटरपेक्षाही पातळ आहेत.

दुर्बिणीपाशी रांग लावा, लहानांना स्टुल द्या, आणि नळीला हात लावायचा नाही हे आधीच बजावा. दोन मुलांनी पाहिलं की ग्रह पुन्हा मधोमध आणा, कारण तो एकदीड मिनिटात दृश्यातून निसटतो. कोणीतरी ओरडेलच, "काकू, शनी पळाला!" तेव्हा त्याला आठवण करून द्या, अंगणात डावीकडे गिरकी कोण घेत होतं.